कुवानाच्या समुद्रातलं भूत: जपानी ठसाचित्रांत जागा आणि दंतकथा कशा बांधल्या जातात

प्रश्न थोडक्यात असा आहे: जपानमध्ये नोकरीला असताना जुन्या बाजारातून दोन उभी ठसाचित्रं घेतली. एकात खवळलेला समुद्र, होडीत एकटा माणूस आणि पाण्यातून वर आलेलं काळंकुट्ट, टकलं भूत. दुसऱ्यात वरच्या भागात डोंगर आणि किनारा, खालच्या भागात भारी कपड्यांतली एक बाई. दुकानदाराने दोन्ही 'तोकाइदो'ची म्हणून दिली. तोकाइदो म्हणजे हिरोशिगे या चित्रकाराची शांत निसर्गचित्रं एवढंच माहीत होतं, मग यात भूत कुठून आलं? याला निसर्गचित्र म्हणायचं की पौराणिक? चित्रं अस्सल आहेत का, आणि ठाण्यातल्या घरी भिंतीवर लावावीत का? दोन्हींचे फोटो सोबत पाठवले आहेत.

मी मुंबईत गेली सव्वीस वर्षं लाकडी ठशांचं काम करते आणि जुन्या कागदावरच्या चित्रांची डागडुजीही करते. तुमचं भुताचं चित्र माझ्या फार जिव्हाळ्याचं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ते चित्र उतागावा कुनियोशी या चित्रकाराचं. मालिकेचं नाव 'तोकाइदो गोजूसान त्सुई', काळ साधारण 1845–46. मुक्काम कुवाना. होडीतल्या माणसाचं नाव तोकुझो आणि समोरचं भूत म्हणजे 'उमिबोझु', शब्दशः समुद्रातला भिक्षू. टक्कल त्याचमुळे: बौद्ध भिक्षूंचं मुंडण केलेलं डोकं.

आता ते कुवानालाच का, हे कळायला रस्ता माहीत हवा. तोकाइदो हा एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, क्योतोला जाणारा किनाऱ्याकिनाऱ्याचा राजमार्ग. त्यावर 53 मुक्काम. प्रत्येक मुक्कामी हमाल आणि घोडे बदलायचे, सामान पुढच्यांच्या ताब्यात द्यायचं. या संपूर्ण वाटेवर समुद्र ओलांडावा लागायचा तो एकाच ठिकाणी, मिया आणि कुवाना यांच्यामध्ये. तिथे सात री, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर, होडीतून जायचं. त्याला नावच 'शिचिरी नो वाताशी', म्हणजे सात री होडीने पार जाणं. डोंगर चढून, नद्या ओलांडून आलेल्या वाटसरूच्या पायाखालची जमीन सुटायची ती इथे. हिरोशिगेने 1833–34 च्या आपल्या गाजलेल्या मालिकेत कुवाना काढलं तेव्हा किल्ल्याजवळ धक्क्याला लागलेल्या होड्या दाखवल्या. प्रवास सुखरूप पार पडला, शिडं उतरली, असा तो क्षण. कुनियोशीने त्याच पाण्याची दुसरी बाजू घेतली.

गोष्ट अशी. महिन्याच्या शेवटच्या दिवशी समुद्रात जाऊ नये, असा खलाशांचा नेम. तोकुझो मात्र गेला. अचानक वारा फिरला, लाटा उठल्या आणि समोर प्रचंड काळा आकार उभा राहिला. त्याने विचारलं, "मी भयंकर आहे ना?" तोकुझो म्हणाला, "संसार रेटण्याइतकं भयंकर दुसरं काही नाही." आणि उमिबोझु नाहीसा झाला.

त्या उत्तरात एक गंमत दडलेली आहे. पोट भरत, निभावत जगणं याला जपानीत म्हणतात 'यो ओ वातारू', म्हणजे जग पार करणं. 'वाताशी', होडीने पार जाणं, हा शब्द त्याच धातूचा. ज्या माणसाने पाणी पार करायचं तो सांगतोय की पाण्यापेक्षा जग पार करणं अवघड. भवसागर तरून जाणं हे शब्द आपल्या कानांवर लहानपणापासून कीर्तनातून पडलेले असल्यामुळे हा श्लेष मला कुणी समजावून सांगावा लागला नाही. शिवाय या खलाशाला म्हणतात कुवानाया तोकुझो. म्हणजे त्याच्या नावातच कुवाना बसलेलं आहे. जागेचं नाव, माणसाचं नाव, समुद्राची ती एकमेव वाट आणि तरून जाण्याचा तो शब्द, एवढे धागे एका कागदात विणलेले आहेत.

म्हणून निसर्गचित्र की पौराणिक, या प्रश्नात मला अडकायचं नाही. अशा चित्रात जागा ही गोष्टीचा पडदा नसते आणि गोष्ट ही जागेवर चिकटवलेली शोभा नसते. दोन्ही जिथे जोडल्या आहेत तो सांधा शोधायचा. ही गोष्ट इथलीच कशी? एवढा एकच प्रश्न घेऊन चित्रापुढे बसा. आपल्याकडे प्रत्येक तीर्थाला, कुंडाला, डोंगरातल्या एखाद्या भेगेला स्थळपुराण असतं. इथे कुणी बाण मारला, इथे कुणी पाऊल ठेवलं. ते ऐकल्यावर तो दगड नुसता दगड राहत नाही. ही मालिका म्हणजे एका राजमार्गाचं स्थळपुराण आहे, फक्त ते कागदावर, रंगांत आणि सामान्य माणसाला परवडणाऱ्या किमतीत.

मालिकेच्या नावातही शब्दखेळ आहे. तोकाइदोच्या मालिकांना एरवी 'गोजूसान त्सुगी' म्हणत, म्हणजे त्रेपन्न टप्पे. इथे एक अक्षर बदलून 'त्सुगी'चं 'त्सुई' केलं. त्सुई म्हणजे जोडी. त्रेपन्न टप्प्यांच्या त्रेपन्न जोड्या: एका बाजूला मुक्काम, दुसऱ्या बाजूला त्याची कथा. हे काम तिघांनी वाटून घेतलं, कुनियोशी, हिरोशिगे आणि कुनिसादा. सर्वांत मोठा वाटा कुनियोशीचा. सहा प्रकाशकांनी मिळून ती काढली. निसर्ग हिरोशिगेने काढला आणि माणसं बाकीच्यांनी, असा एक समज मी वारंवार ऐकते. तो या मालिकेपुरता चूक आहे. इथे प्रत्येक चित्र एकाच हातचं आहे. कुनियोशीला समुद्र काढावा लागला आणि हिरोशिगेला मोठ्या आकृत्या. दोघेही आपापल्या अंगणाबाहेर आले आणि त्यामुळे चित्रांत एक ताण आलाय, तो मला फार आवडतो.

या प्रकाराला बहर याच सुमारास का आला, त्याला कारण आहे. 1841 ते 43 या काळात शोगुनशाहीने, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजवटीने, तेंपो सुधारणा नावाखाली चैनीवर वरवंटा फिरवला. 1842 मध्ये काबुकी या लोकप्रिय नाटकांतल्या नटांची, गणिकांची आणि गेशांची चित्रं छापायला बंदी आली. रंगांची संख्या आणि किंमत यांवरही मर्यादा आल्या. उकियो-ए, म्हणजे अशी ठसाचित्रं, करणाऱ्या चित्रकारांचं पोट मुख्यतः याच विषयांवर चालायचं. मग त्यांनी काय छापायचं? शूर वीर, मातृभक्त मुलं, देवळांच्या उत्पत्तिकथा, प्रवासाच्या जागा. बोधप्रद दिसेल असं सगळं. सुधारणा आणणारा मंत्री मिझुनो तादाकुनी 1843 मध्ये पडला, पण प्रकाशकांच्या मनातली धास्ती लगेच गेली नाही. प्रसिद्ध जागेची जुनी आख्यायिका, सोबत माहितीचा मजकूर, याला कोण हरकत घेणार? आणि गिऱ्हाइकाला त्यातल्या नायिकेच्या चेहऱ्यात आपला आवडता नट ओळखू आलाच, तर तो आनंद वेगळा. काबुकीत स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करत, हे लक्षात असू द्या. पुढच्या दहा वर्षांत ही लपाछपी उघडउघड झाली.

आता सांध्यांचे प्रकार पाहू. सगळे सारखे नसतात.

सर्वांत घट्ट सांधा असतो तो वस्तूचा. निस्साका मुक्कामाजवळ सायो नो नाकायामा नावाची खिंड आहे. तिथे 'योनाकी इशी' म्हणून एक धोंडा होता, रात्री रडणारा दगड. एका गरोदर बाईला दरोडेखोराने तिथे ठार मारलं. तिचा जीव त्या दगडात राहिला आणि रात्रीचा दगड रडू लागला. बाळ वाचलं. ते जवळच्या देवळाच्या आसऱ्याने, धान्याच्या गोड पाकावर वाढलं. मोठेपणी मुलगा तलवारींना धार लावणारा झाला. एक दिवस एक माणूस टवका उडालेली तलवार घेऊन आला आणि बोलता बोलता सांगून बसला की फार वर्षांपूर्वी त्या खिंडीत दगडावर आपटून ती तुटली. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. कोबो दाइशी या महान आचार्यांनी त्या दगडावर अमिताभ बुद्धाचं नाव कोरलं, असंही सांगतात. त्या गोड पाकाला 'कोसोदाते आमे', मूल वाढवणारी मिठाई म्हणतात, आणि तो त्या भागात आजही मिळतो.

याच जागेचं हिरोशिगेचं 1833–34 चं चित्र काढून समोर ठेवा. खडी, जवळजवळ भिंतीसारखी चढण. खाली रस्त्याच्या मधोमध तो दगड, भोवती चारदोन वाटसरू. भूत नाही, रक्त नाही. तेव्हा दगड रस्त्यातून कुणी हलवलेला नव्हता, वाटसरूच त्याच्या कडेने जात, यातच सगळं आलं. मग कुनियोशीचं 'त्सुई'मधलं निस्साका पाहा. तिथे ती बाईच येते, तान्हं बाळ घेऊन. पहिल्यात जागा बोलते आणि गोष्ट पाहणाऱ्याच्या मनात असते; दुसऱ्यात गोष्ट बोलते. एदोतल्या गिऱ्हाइकाला दोन्ही भाषा येत होत्या, म्हणूनच दोन्ही खपल्या. तुम्हाला हा प्रकार समजून घ्यायचा असेल तर पुस्तकं वाचण्याआधी ही दोन निस्साका शेजारी शेजारी ठेवून तासभर पाहा.

दुसरा सांधा हवामानाचा. ओइसो हा मुक्काम घ्या. इथली तोरा ही सोगा जूरोची प्रेयसी. सोगा भावांनी 1193 मध्ये फुजीच्या पायथ्याशी, शोगुन योरितोमोच्या शिकारीच्या छावणीत, वडिलांच्या खुनाचा सूड घेतला आणि त्यात जूरो मारला गेला. तो दिवस पाचव्या चांद्रमासाची अठ्ठावीस तारीख. त्या दिवशी पडणाऱ्या पावसाला म्हणतात 'तोरा गा आमे', तोराचा पाऊस, तिचे अश्रू. हिरोशिगेच्या ओइसोच्या चित्राचं उपशीर्षक हेच आहे. चित्रात फक्त भिजत गावात शिरणारे प्रवासी दिसतात आणि तिरक्या, बारीक, काळपट रेघांचा पाऊस. नायिका कुठेच नाही, तरी सगळीकडे तीच आहे. ही रेघ मी स्वतः लाकडात कोरून पाहिलेली आहे. केसाएवढी जाड रेघ उभी ठेवून दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं, आणि अशा शेकडो रेघा एकाच कलाने. एक जरी तुटली तरी पाऊस तिथे थांबतो. चार प्रयत्नांनंतर मला वीतभर पाऊस जमला. त्या कोरक्यांचं नाव चित्रावर बहुधा नसतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

तिसरा नाट्याचा आणि काव्याचा सांधा. एजिरी मुक्कामाहून मिहोचं पाइनबन दिसतं. हे बन 2013 मध्ये फुजी पर्वतासोबत जागतिक वारशात गेलं. तिथे एका कोळ्याला पाइनच्या फांदीवर पिसांचं वस्त्र सापडलं. ते एका स्वर्गीय कन्येचं होतं. तिने परत मागितलं, कारण त्याशिवाय तिला उडता येईना. तो म्हणाला, आधी नाच दाखव. वस्त्र आधी दिलं तर तू न नाचताच निघून जाशील. 'नो' या जुन्या जपानी नाट्यप्रकारातल्या नाटकात तिचं उत्तर आहे की संशय माणसांकडे असतो, स्वर्गात कपट नाही. कोळी लाजला. तिने वस्त्र नेसलं, नाचत नाचत फुजीवरून वर गेली. जपानीत या कन्येला 'तेन्निन' म्हणतात आणि तिचं मूळ आपल्याकडच्या अप्सरेत आहे. बौद्ध शिल्पांतून आणि चित्रांतून चीनमार्गे ती तिथे पोचली. अजिंठ्याच्या भिंतींवर ढगांतून तरंगत जाणाऱ्या आकृत्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना मिहोच्या आकाशातली ही आकृती परकी वाटणार नाही. 'त्सुई'मधल्या एजिरीची जोडीही हीच आहे.

माझ्यासारखीला रडवणारा मुक्काम मात्र साकानोशिता. तिथे फुदेसुते नावाचा डोंगर आहे. फुदे म्हणजे कुंचला, सुते म्हणजे टाकणं. थोर चित्रकार कानो मोतोनोबू तो डोंगर चितारायला बसला, दृश्य त्याच्या हातात येईना, म्हणून त्याने कुंचला फेकून दिला. हिरोशिगेने तोच डोंगर काढलाय. समोरच्या चहाच्या टपरीत बसून लोक निवांत बघताहेत. ज्या डोंगरापुढे थोरल्याने हार मानली, तो काढायला आपण कुंचला उचलायचा, याला केवढी छाती लागत असेल!

आणि चौथा सांधा निव्वळ शब्दाचा. इथे मी स्वतः बराच काळ फसले होते. कुनियोशीने 1852 च्या सुमारास दुसऱ्या, डोंगरातल्या मार्गाची मालिका केली: किसोकाइदोचे 69 मुक्काम. त्यात मोठी जागा कथेतल्या पात्रांना आणि मुक्कामाचं दृश्य वरच्या कोपऱ्यात एका लहान चौकटीत. ती चौकटही कथेला साजेल अशा आकाराची, आणि नावाच्या पाटीभोवती कथेतल्याच वस्तू. ओइवाके मुक्कामाच्या चित्रात ओइवा आहे, विषाने चेहरा विद्रूप झालेली, रंगभूमीवरची सर्वांत प्रसिद्ध पिशाच-नायिका. ओइवाची गोष्ट एदोतली. ओइवाके तिथून कितीतरी लांब, आसामा ज्वालामुखीच्या पायथ्याशी. मी कितीतरी दिवस या दोघांचा भौगोलिक संबंध शोधत होते. तिचं माहेर तिथलं का, कुठलं देऊळ आहे का. एका संध्याकाळी दोन्ही नावं सलग मोठ्याने वाचली आणि उलगडलं. ओइवा, ओइवाके. बस्स, एवढंच. तेव्हापासून मी मुक्कामाचं नाव आधी मोठ्याने म्हणते आणि मगच नकाशा उघडते. तुम्हीही तसंच करा.

कधी शब्द आणि जागा दोन्ही एकदम लागतात. याच मालिकेत फुकुशिमा मुक्कामाला उराशिमा तारो आहे. कासवाचा जीव वाचवल्यामुळे समुद्रतळीच्या नागराजाच्या महालात गेलेला कोळी. तिथे थोडा काळ राहून परत आला तर गावात शतकं उलटून गेलेली. शिमाला शिमा जुळलं, हे कानाला लगेच कळतं. पण किसोच्या डोंगरात, समुद्रापासून इतक्या दूर, समुद्रकथा कशी? तर पुढच्याच आगेमात्सु मुक्कामाजवळ नदीच्या पात्रात नेझामे नो तोको नावाचे पांढरे कातळ आहेत. नावाचा अर्थ 'जाग आल्याची शेज'. उराशिमाला भान आलं ते इथे, अशी तिथली समजूत. शिमोसुवाला तर भूगोलच आहे: राजकन्या याएगाकी कोल्ह्यांच्या दैवी साहाय्याने गोठलेलं सुवा सरोवर ओलांडते. त्या सरोवराचं बर्फ खरोखरच कडाकड फुटून त्यावर लांबलचक उंचवटा उठतो आणि लोक त्याला देवाची वाट मानतात. ज्या नाटककाराने तिला तिथून पळवलं, त्याला ती जागा किती नेमकी ठाऊक असेल!

तुमचं दुसरं चित्र आता सोपं होईल. वर दृश्य, खाली मोठी आकृती, ही मांडणी 'सोहित्सु गोजूसान त्सुगी' या मालिकेची, 1854 ते 57. सोहित्सु म्हणजे दोन कुंचले. इथे मात्र तो मघाचा समज बरोबर ठरतो: दृश्य हिरोशिगेचं, माणसं कुनिसादाची. फोटोत मला दोन वेगळ्या सह्या दिसतात. खालची सही 'तोयोकुनी' अशी वाचली जाईल, त्याने गोंधळू नका. कुनिसादाने 1844 मध्ये आपल्या गुरूचं नाव घेतलं, त्यानंतर तो तशीच सही करी. या मालिकेत माझी नजर नेहमी दोन भाग जिथे भेटतात त्या ओळीवर जाते. कधी तिथे नुसती कड असते आणि दोन चित्रकार शेजाऱ्यांसारखे आपापल्या घरात राहतात. कधी बाईचं डोकं वर दृश्यात घुसतं, आणि मग तो किनारा तिच्या मागे आहे की तिच्या मनात, हे ठरवता येत नाही. तुमच्या चित्रात तिच्या केसांतले काटे वरच्या समुद्राला टेकलेले आहेत. तेवढी जागा निवांत बघा.

हे सगळं कागदावर उतरायचं कसं, तेही सांगते, कारण अस्सलपणा ओळखायला ते लागतं. चित्रकार काळ्या शाईने रेखाटन करी. ते पातळ कागदावरचं रेखाटन रानचेरीच्या गुळगुळीत फळीवर उलटं चिकटवलं जाई आणि कोरक्या त्याच्यातूनच रेघा कोरून काढी. म्हणजे मूळ रेखाटन तिथेच नष्ट होई. प्रत्येक रंगाला निराळा ठसा. फळीच्या कोपऱ्यात आणि कडेला 'केन्तो' नावाच्या दोन खाचा, त्यांत कागद टेकवला की प्रत्येक रंग आपल्या जागी बसतो. छपाईला यंत्र नाही. कोझो झाडाच्या सालीचा कागद, पाण्यात कालवलेला रंग, जराशी तांदळाची खळ, आणि बांबूच्या आवरणाने मढवलेली 'बारेन' नावाची गोल चकती, ती हाताने घासायची. उमिबोझुचा काळा भाग सपाट वाटतो, पण जिथे तो पाण्यात विरघळतो तिथे पाहा. ठशावरच रंग ओल्या फडक्याने आणि ब्रशने पुसत नेऊन तो उतार साधतात, त्याला 'बोकाशी' म्हणतात. तो ठशात कोरलेला नसतो, छापणाऱ्याच्या मनगटात असतो. म्हणूनच एकाच ठशाच्या दोन प्रतींतलं भूत वेगवेगळं भिववतं. आणि तो गडद निळा: 'बेरो-आइ', बर्लिनचा निळा. जर्मनीत अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सापडलेला हा रंग 1830 च्या आसपास जपानी छापखान्यांत सर्रास झाला. त्यापूर्वीचे काही वनस्पतिज निळे लवकर उडून जात. इतके खोल, टिकाऊ समुद्र आणि आकाश या रंगामुळेच शक्य झाले, आणि निसर्गदृश्यांची ती लाट यावर तरंगूनच आली.

तपासणी अशी करा. आधी भिंग घ्या. रंगात समान अंतरावर ठिपके दिसले तर ते ऑफसेट, म्हणजे यंत्रावरच्या, छपाईचं आहे, पुढे बघायची गरज नाही. ठिपके नसतील तर कागद उलटा करा. हातछपाईत रंग मागे झिरपलेला दिसतो आणि बारेनच्या फिरण्याच्या वळ्या तिरप्या उजेडात उठून दिसतात. पण हातछपाई म्हणजे जुनी छपाई नव्हे. गाजलेली चित्रं विसाव्या शतकात नव्याने कोरून पुन्हा छापली गेली आहेत, तीही हातानेच आणि उत्तम. त्यांचा कागद सहसा अधिक जाड, पांढरा आणि कडा न कापलेल्या असतात.

मग शिक्के वाचा. त्या काळी छापण्याआधी परवानगीचा शिक्का लागे आणि त्याची पद्धत ठरावीक वर्षांनी बदलली, हे आपलं नशीब. 1843 ते 47 मध्ये तपासनिसाच्या नावाचा एकच गोल शिक्का. 1847 ते 52 मध्ये दोन नावांचे दोन. 1853 च्या अखेरीपासून 57 पर्यंत 'आरातामे' म्हणजे तपासलं, असा एक आणि शेजारी वर्ष-महिन्याचा दुसरा. तुमच्या कुवानावर एकच गोल शिक्का आणि कुनियोशीची सही असेल तर काळ जुळतो. दोन कुंचल्यांच्या चित्रावर आरातामेसोबत व्याघ्रवर्ष (तिथे वर्षांना प्राण्यांची नावं असत) असेल तर 1854, सशाचं असेल तर 1855. शिक्का जुळला म्हणून चित्र अस्सल ठरत नाही, कारण पुन्हा कोरणारा शिक्काही कोरतो. मात्र शिक्का आणि सही यांचा काळ जुळत नसेल तर प्रश्न तिथेच मिटतो. तुमच्या कुवानाच्या फोटोत मला उजव्या कडेला किड्याने केलेली भोकं आणि मधोमध एक जुनी घडी दिसते. बाजारात त्याने किंमत उतरते. माझ्या लेखी ते चित्र कुणीतरी हाताळलं, दाखवलं, त्यावर बोललं, याच्या त्या खुणा आहेत.

भिंतीवर लावायचं असेल तर मन घट्ट करून ऐका. बर्लिनचा निळा बराच टिकतो, पण करडईच्या फुलांचा लाल आणि गुलाबी उजेडाने जातो तो जातोच. बाईच्या वस्त्राचे रंग आज जसे आहेत तसे राहावेत असं वाटत असेल तर खिडकीसमोरची भिंत नको, वर्षातून तीनचार महिन्यांपेक्षा जास्त टांगणं नको. म्युझियममध्ये अशा कागदावर साधारण 50 लक्सच उजेड टाकतात, म्हणजे आपल्या बैठकीच्या खोलीपेक्षा खूप कमी. माउंट आम्लरहित हवा. चिकटपट्टी, फेव्हिकॉल, डिंक यांतलं काहीही चित्राला लागता कामा नये. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावलेल्या. पाण्याने पुन्हा सुटतील अशा. काच चित्राला टेकू नये. आणि तुम्ही ठाण्यात राहता, म्हणून हे जास्त ठासून सांगते: जून ते सप्टेंबर चित्र बाहेरच्या भिंतीवर नको. पावसाळ्यात ती भिंत ओल धरते, फ्रेमच्या मागे बुरशी येते आणि कागदावर तांबूस ठिपके पडतात. कसर कागदातली खळ खाते. चार महिने ते आम्लरहित फोल्डरमध्ये, कपाटाच्या मधल्या कप्प्यात, आडवं ठेवा. डांबरगोळ्या जवळ नकोत. घडी सपाट करायला इस्त्री तर अजिबात फिरवू नका, ते काम कागदाच्या जाणकाराकडेच द्या.

आता एक करा. दुसऱ्या चित्राच्या वरच्या चौकटीचा, जिथे अक्षरं आहेत तिथला, खिडकीच्या उजेडात फ्लॅश न लावता जवळून फोटो काढा. त्यात मुक्कामाचं नाव आहे. ते वाचता आलं की मोठ्याने दोनदा म्हणा, मग नकाशावर जागा शोधा, आणि त्यानंतर त्या बाईकडे बघा.